कॅरव्हान ओढताना: विजेची केबल निवडण्यापासून जोडणी तपासण्यापर्यंत

संध्याकाळी उजेड उतरल्यावर मी कॅरव्हानच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, मागे उभा होतो आणि गाडीत बसलेल्या सोबत्याला एकेक दिवा लावायला सांगत होतो. टेललाइट लागले, ठीक दिसले. उजवा इंडिकेटर दिला, तोही लागला; पण त्याच्या प्रत्येक उघडझापेबरोबर टेललाइट मंद होऊ लागले. ब्रेक दाबला तेव्हा तर सगळेच दिवे विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे तांबूस झाले. मी दोन बल्ब बदलले, मग एक फ्यूज बदलला आणि अर्धा तास वाया गेल्यावर प्लग उघडला. आत पांढरी तार स्क्रूखाली जेमतेम तीन-चार धाग्यांवर टिकून होती आणि बाकीच्या धाग्यांवर हिरवा कळंक चढला होता.

पांढरी तार म्हणजे अर्थिंगची तार. दिव्यांपर्यंत गेलेला सगळा प्रवाह याच तारेने परत येतो. ती सुटली किंवा अशक्त झाली, की प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो आणि ती वाट बहुधा शेजारच्या बल्बच्या तारेतून जाते. म्हणून इंडिकेटर देताच टेललाइट लुकलुकतात. कॅरव्हानची केबल निवडताना आणि जोडताना सगळ्यांचे लक्ष वीज नेणाऱ्या तारांकडे असते, आणि मी पाहिलेले बहुतेक बिघाड मात्र वीज परत आणणाऱ्या तारेत सापडले आहेत. पुढची सगळी माहिती ही गोष्ट ध्यानात ठेवून वाचावी.

आधी दोन्ही टोके पाहावीत

केबल विकत घेण्यापूर्वी गाडीकडचे सॉकेट आणि कॅरव्हानकडची जोडपेटी (केबलच्या तारा कॅरव्हानच्या तारांना जिथे जोडतात ती पेटी) ही दोन्ही टोके प्रत्यक्ष पाहावीत. युरोपीय पद्धतीच्या जुन्या कॅरव्हानला सात पिनांचे दोन गोल प्लग असतात. काळा ‘१२एन’ रस्त्यावरच्या दिव्यांसाठी असतो आणि राखाडी किंवा पांढरा ‘१२एस’ आतल्या उपकरणांसाठी असतो. या नावातला १२ हा आकडा पिनांचा नसून व्होल्टचा आहे. त्यावरून ‘बारा पिनांचा प्लग द्या’ असे दुकानात मागणारे लोक मी पाहिले आहेत. नव्या कॅरव्हानला या दोन्हींचे काम एकटा करणारा तेरा पिनांचा प्लग असतो आणि त्याची रचना आयएसओ ११४४६ या मानकाप्रमाणे ठरलेली आहे. उत्तर अमेरिकेत चपट्या पात्यांचा गोल सात पिनी प्लग चालतो आणि हलक्या ट्रेलरला चार पिनांचा चपटा. ऑस्ट्रेलियात सात किंवा बारा पिनांचा चपटा प्लग रूढ आहे आणि बॅटरी चार्ज करण्यासाठी शेजारी बहुधा जड प्रवाहासाठीचा वेगळा ५० अँपिअरचा अँडरसन प्लग असतो.

सॉकेटला तेरा छिद्रे आहेत म्हणजे मागे तेरा तारा जोडलेल्या आहेत, असे मात्र समजू नये. गाडीला टो बार, म्हणजे मागे ओढण्यासाठीची दांडी, बसवताना पुष्कळदा फक्त दिव्यांच्या आठ तारा जोडून देतात आणि ९ ते १३ क्रमांकाच्या पिना रिकाम्या ठेवतात. मालकाला हे पहिल्या लांबच्या प्रवासात, फ्रिज गार झालेला नाही हे दिसल्यावर कळते. सॉकेटचे मागचे झाकण काढून किती तारा प्रत्यक्ष येतात हे मोजायला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात केबल किती कोरची, म्हणजे आत किती तारा असलेली, हवी याचाही निकाल लागतो. तेरा पिनांची कॅरव्हान सात पिनांच्या गाडीला अॅडॅप्टर लावून जोडता येते. अशा वेळी रस्त्यावरचे मुख्य दिवे चालतात, फ्रिज आणि बॅटरीचे चार्जिंग चालत नाही.

कोणती तार कशासाठी

तेरा पिनांच्या मांडणीत १ म्हणजे डावा इंडिकेटर, पिवळी तार. २ म्हणजे मागचा फॉगलाइट, निळी. ३ म्हणजे पहिल्या आठ पिनांचे सामाईक अर्थिंग, पांढरी. ४ म्हणजे उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ म्हणजे उजवीकडचे टेललाइट, तपकिरी. ६ म्हणजे ब्रेकलाइट, लाल. आणि ७ म्हणजे डावीकडचे टेललाइट, काळी. जुन्या ‘१२एन’ प्लगचीही हीच सात कामे आणि हेच सात रंग आहेत, त्यामुळे ही मांडणी एकदा पाठ झाली की दोन्हीकडे उपयोगी पडते. पुढे ८ ही रिव्हर्स दिव्याची पिन. ९ वर गाडीच्या बॅटरीची कायम चालू असलेली वीज येते आणि १० वर इंजिन चालू असतानाच मिळणारी, म्हणजे मुख्यतः फ्रिजसाठीची. ११ हे दहाव्या पिनेचे अर्थिंग आणि १३ हे नवव्या पिनेचे. १२ सहसा रिकामी असते. आठव्या पिनेपासून पुढचे रंग उत्पादकागणिक बदलतात, म्हणून तिथे रंगावर न जाता प्लगच्या आत कोरलेला आकडाच वाचावा.

या मांडणीत अर्थिंगच्या तीन वेगवेगळ्या पिना उगाच ठेवलेल्या नाहीत. फ्रिजचा जड प्रवाह दिव्यांच्या अर्थिंगमधून परत येऊ लागला, तर दिवे मंद होतील आणि त्या तारेवर झेपणार नाही इतका भार पडेल. काही जण कॅरव्हानच्या बाजूला ३, ११ आणि १३ या तिन्ही तारा एकत्र पिळून ‘अर्थिंग पक्के केले’ असे समाधान मानतात. तसे करू नये. कॅरव्हानमध्ये या तिन्ही परतीच्या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे हेच या मांडणीत अभिप्रेत आहे.

दुसऱ्या खंडातून आणलेली कॅरव्हान किंवा केबल हाती आली, तर रंगांनी फसायला होते. पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची आणि पांढरी अर्थिंगची, एवढे युरोपीय, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकी पद्धतींत साधारण जुळते. निळी तार मात्र युरोपात फॉगलाइटची असते, तर इतर दोन्हीकडे विजेच्या ब्रेकची. निळीला निळी जोडून मोकळे झालेल्या माणसाची कॅरव्हान फॉगलाइटचे बटण दाबताच ब्रेक लावू शकते. अमेरिकी पद्धतीत आणखी एक फरक आहे: तिथे मागचा ब्रेकलाइट आणि इंडिकेटर एकाच तारेवर चालतात, त्यामुळे इंडिकेटर आणि ब्रेकलाइट स्वतंत्र असलेल्या गाडीला अशी कॅरव्हान जोडताना मध्ये कन्व्हर्टर लागतो.

जाडीचा हिशोब

दिव्यांसाठी हिशोब सोपा आहे. इंडिकेटर आणि ब्रेकलाइटचा साधा बल्ब २१ वॉटचा असतो, टेललाइटचा ५ वॉटचा. १२ व्होल्टवर २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे दोन ब्रेकलाइट मिळून साडेतीन. एवढ्या प्रवाहाला १.५ चौ. मिमी छेदाची तार सहज पुरते आणि तेरा पिनांच्या केबलमध्ये दिव्यांच्या तारा तशाच असतात. आता तिसऱ्या पिनेचा विचार करावा. टेललाइट, कडेचे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा मिळून ३० वॉट, ब्रेकलाइट ४२, चारही बाजूंचे धोक्याचे इंडिकेटर चालू असतील तर कॅरव्हानवरचे त्यातले ४२ आणि फॉगलाइट २१ धरला, तर बेरीज १३५ वॉट होते. म्हणजे सुमारे ११ अँपिअर. हे सगळे एकाच पांढऱ्या तारेतून परत येते. म्हणूनच ती तार २.५ चौ. मिमीची ठेवतात. सर्व कोर सारख्याच बारीक असलेली स्वस्त केबल दिसली, तर ती तिथेच ठेवावी.

खरी कसोटी लागते ती फ्रिजच्या आणि चार्जिंगच्या तारांची, कारण तिथे तार गरम होईल की नाही यापेक्षा व्होल्टेज किती गळेल हा प्रश्न मोठा आहे. तांब्याच्या तारेसाठी सूत्र असे: तारेची एका बाजूची लांबी मीटरमध्ये घ्यावी, परतीची वाट धरण्यासाठी तिची दुप्पट करावी, तिला अँपिअरने आणि ०.०१७५ ने गुणावे आणि आलेल्या संख्येला तारेच्या चौ. मिमी छेदाने भागावे. उत्तर म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट.

समजा, गाडीच्या बॅटरीपासून कॅरव्हानच्या फ्रिजपर्यंत तार ९ मीटर आहे आणि फ्रिज १५ अँपिअर घेतो. दुप्पट लांबी १८ मीटर. तिला १५ ने आणि ०.०१७५ ने गुणल्यावर ४.७ येतात. तार २.५ चौ. मिमीची असेल तर जवळजवळ १.९ व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौ. मिमीला हा आकडा ०.८ वर येतो आणि १० चौ. मिमीला अर्ध्या व्होल्टच्याही आत. दीड-दोन व्होल्टने काय बिघडते, असे वाटेल. पण शोषण पद्धतीच्या फ्रिजमध्ये गार करण्याचे काम एका तापणाऱ्या वेटोळ्यावर चालते आणि त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२ ऐवजी १०.५ व्होल्ट पोहोचले, तर त्याची शक्ती सुमारे एक चतुर्थांशाने घटते. दिवसभर प्रवास करूनही फ्रिजमधले पाणी कोमट निघाले, तर फ्रिजला दोष देण्यापूर्वी हे गणित करून पाहावे. गाडीच्या सॉकेटपासून कॅरव्हानच्या जोडपेटीपर्यंतचा दोन मीटरचा तुकडा २.५ चौ. मिमीचा असला तरी फारसे बिघडत नाही. उरलेल्या सात मीटरांत, म्हणजे गाडीच्या आणि कॅरव्हानच्या पोटातल्या लांब तारेत, जाडी वाढवता येते आणि तिथेच ती वाढवावी.

कॅरव्हानमधल्या बॅटरीसाठी डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीकडून येणारे व्होल्टेज वाढवून बॅटरीला देणारा चार्जर, लावलेला असेल, तर हिशोब आणखी कडक होतो. अलीकडच्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारे वीज बनवणारे यंत्र, इंधन वाचवण्यासाठी आपले व्होल्टेज मधूनमधून खाली आणतो, त्यामुळे साध्या तारेने कॅरव्हानची बॅटरी पूर्ण भरत नाही आणि असा चार्जर लागतो. २५ अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टने बॅटरीला ३६० वॉट देतो. आतली तूट धरून तो गाडीकडून साधारण ४०० वॉट ओढतो, म्हणजे १२ व्होल्टवर ३३ अँपिअर. शिवाय पोहोचणारे व्होल्टेज जितके कमी, तितका तो जास्त प्रवाह ओढतो, आणि प्रवाह वाढला की गळतीही वाढते. ८ मीटर लांबीवर ३३ अँपिअरला ६ चौ. मिमीच्या तारेत दीड व्होल्ट जातो, १३.५ चौ. मिमीच्या तारेत ०.७ व्होल्ट. तेरा पिनांच्या प्लगमधली २.५ चौ. मिमीची तार या कामाची नाहीच. त्यासाठी स्वतंत्र जाड जोडी आणि ५० अँपिअरचा अँडरसन प्लग हाच मार्ग आहे. या प्लगच्या नेहमीच्या टर्मिनलमध्ये साधारण १३ चौ. मिमीपर्यंतची तार बसते, म्हणून त्याहून जाड तार आणून तिचे धागे कापून बसवण्याचा उद्योग करू नये.

जाडीचे आकडे वाचताना एक सापळा सांभाळावा. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या वाहनांच्या वायरीवर ‘६ मिमी’ असे लिहिलेले असते तेव्हा तो आवरणासकट बाहेरचा व्यास असतो. आत तांबे भरते साधारण ४.६ चौ. मिमी. म्हणजे ‘६ मिमी’ आणि ‘६ चौ. मिमी’ या दोन वेगळ्या तारा आहेत आणि पहिलीला दुसरी समजून घेतल्यास तांबे चौथ्या हिश्श्याने कमी मिळते. अमेरिकी गेजमध्ये उलटा क्रम आहे. आकडा मोठा तितकी तार बारीक: १२ गेज म्हणजे ३.३ चौ. मिमी, १० गेज ५.३, ८ गेज ८.४ आणि ६ गेज १३.३. विकणाऱ्याला तांब्याचा छेद किती, एवढेच विचारावे. त्याला ते सांगता आले नाही तर दुसरीकडे जावे.

विजेचे ब्रेक असतील तर प्रत्येक चाकाचे चुंबक सुमारे ३ अँपिअर घेते. दोन चाकांना ६, चार चाकांना १२. ब्रेकची तार याच सूत्राने ठरवावी आणि तिथे कंजुषी करू नये. व्होल्टेज गळाले की चुंबकाची पकड ढिली होते आणि थांबायला जास्त अंतर लागते.

आवरण आणि लांबी

केबल बारीक धाग्यांच्या लवचिक तारांचीच हवी. घरातल्या भिंतीत घालायची एकसंध तार हादऱ्यांनी काही महिन्यांत तुटते. बाहेरचे आवरण साधे पीव्हीसी असेल तर थंडीत ते कडक होते. पॉलियुरेथेन किंवा रबर जास्त टिकते. कथलाचा मुलामा दिलेली तार मिळाली तर उत्तम, कारण तिच्यावर कळंक लवकर चढत नाही. समुद्राजवळ किंवा ओल्या हवेत कॅरव्हान उभी राहणार असेल, तर तिचा जास्तीचा खर्च वसूल होतो. स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेली केबल दिसायला नीटनेटकी असते आणि जमिनीला लागत नाही, पण तिच्यात तारेची लांबी दुप्पट-तिप्पट भरते. दिव्यांसाठी ती चालते, जड प्रवाहासाठी मी ती घेणार नाही.

लांबी टेपने न मोजता वळणावर मोजावी. गाडी आणि कॅरव्हान जोडून मोकळ्या जागेत आधी डावीकडे आणि मग उजवीकडे जास्तीत जास्त वळवावी आणि दोन्ही वेळा केबल ताणली जात नाही ना, हे उतरून पाहावे. सरळ उभे असताना ती जमिनीपासून वीतभर तरी वर राहिली पाहिजे. जास्त झालेली लांबी ड्रॉबारवरून, म्हणजे कॅरव्हानच्या पुढच्या ओढदांडीवरून, एकदा वळसा घालून सोडावी. दोरीसारखी पीळ घालून ती आखडू नये, कारण पीळ प्रत्येक वळणावर प्लगमधल्या स्क्रूंवर येतो.

गाडीकडची बाजू

जुन्या गाडीत मागच्या दिव्याच्या तारेला टोचून जोड काढता येत असे. आता दिव्यांवर संगणकाची नजर असते. जास्तीचा भार दिसताच तो दिवा बंद करतो किंवा दोषाची सूचना देतो. म्हणून त्या गाडीसाठी बनवलेले वायरिंग किट आणि त्याबरोबरचे मॉड्यूल घ्यावे. ते दिव्यांच्या तारांकडून फक्त इशारा घेते आणि वीज थेट बॅटरीकडून घेते. काही गाड्यांत हे बसवल्यावर निदानयंत्राने ‘ट्रेलर आहे’ अशी नोंद करावी लागते. मग मागचे पार्किंग सेन्सर आपोआप गप्प बसतात आणि डोलणारी कॅरव्हान सावरण्याची सोय जागी होते.

बॅटरीकडून निघणाऱ्या प्रत्येक जाड तारेवर फ्यूज हवा आणि तो बॅटरीपासून जास्तीत जास्त वीतभर अंतरावर हवा. फ्यूज तारेच्या संरक्षणासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कुठे पत्र्याला घासला, तर त्याला वाचवणारे काहीच नसते. २.५ चौ. मिमीच्या तारेला १५ ते २० अँपिअरचा फ्यूज पुरतो, वर सांगितलेल्या चार्जरच्या जाड तारेला ४० अँपिअरचा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे म्हणजे तारेलाच फ्यूज बनवणे होय.

प्रत्यक्ष जोडणी

प्लग बदलताना गाडीपासून तो सोडवावा आणि कॅरव्हानच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवावा. जुना प्लग उघडून सर्वांत आधी फोटो काढावा, मगच स्क्रू सैल करावेत. नवीन प्लगचे मागचे झाकण, रबरी गळा आणि हीट-श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी, नळी केबलवर आधीच ओवून घ्यावी. हे वाक्य वाचून हसू येईल, पण तेरा तारा बसवून झाल्यावर झाकण टेबलावरच राहिले आहे हे लक्षात येण्याचा अनुभव या कामात प्रत्येकाला एकदा येतोच.

बाहेरचे आवरण साधारण चार-पाच सेंटिमीटर सोलावे. ब्लेड गोल फिरवताना खोल दाबू नये. आवरण अर्धे कापून मग वाकवले की ते स्वतःच फाटते आणि आतल्या तारांना इजा होत नाही. प्रत्येक तारेचे टोक टर्मिनलच्या खोलीइतकेच, बहुधा ६ ते ८ मिमी, सोलावे. धागे काळवंडलेले दिसले तर तांब्याचा चकचकीत रंग लागेपर्यंत तार मागे कापत जावी. दहा सेंटिमीटर केबल गेली तरी चालेल, काळ्या धाग्यांवर स्क्रू आवळू नये.

स्क्रूच्या टर्मिनलमध्ये तार घालण्यापूर्वी टोकावर तांब्याची टोपी चढवून ती दाबून घ्यावी. अशी टोपी नसेल तर धागे नीट पिळून दुमडावेत. टोकाला डाग देऊन (सोल्डर करून) ते घट्ट करण्याची जुनी सवय इथे बाधते: डागाचा धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतो, काही आठवड्यांत पकड सैल होते, आणि जिथे डाग संपतो तिथे तार हादऱ्यांनी मोडते. जोडपेटीत किंवा वाटेत जिथे दोन तारा जोडायच्या असतील तिथेही याच कारणाने क्रिम्पिंग करावे, म्हणजे धातूची नळी तारांवर दाबून बसवावी, तेही रॅचेटच्या पकडीने, आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी तापवून बसवावी. गोंद नळीच्या दोन्ही तोंडांतून किंचित बाहेर आला, की पाणी आत जाणार नाही असे समजावे. प्रत्येक जोड हाताने जोरात ओढून पाहावा; जो सुटेल तो आत्ताच सुटू द्यावा.

तारा बसवताना आकडे प्लगच्या आतून वाचावेत. पुढून पाहिलेली आकृती मागून उलटी दिसते, आणि छापील आकृतीत बाण नसेल तर डावे-उजवे इंडिकेटर हमखास बदलतात. मी पांढरी तार सर्वांत आधी बसवतो, तिच्या स्क्रूला पुन्हा एकदा पीळ देतो आणि मग इतर तारांना हात लावतो. सर्व तारा बसल्यावर केबलची पकड बाहेरच्या आवरणावर आवळावी. ती आतल्या सुट्या तारांवर आली, तर ओढ थेट स्क्रूंवर जाते. केबल प्लगमधून खालच्या अंगाने निघेल अशी ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत आत शिरणार नाही.

कॅरव्हानच्या पोटाखाली केबल नेताना पत्र्याच्या भोकात रबरी कडे बसवावे आणि साधारण फूटभर अंतराने क्लिपा माराव्यात. अर्थिंगसाठी कॅरव्हानच्या सांगाड्यावर विसंबू नये. जोडांमधल्या रंगामुळे आणि गंजामुळे सांगाडा हा बेभरवशाचा वाहक आहे. प्रत्येक दिव्याची परतीची तार जोडपेटीपर्यंत आणावी. ब्रेकअवेची दोरी, म्हणजे कॅरव्हान सुटली तर ब्रेक लावणारी, या केबलला बांधू नये. तिने स्वतंत्रपणे गाडीला अडकलेले असले पाहिजे.

भार घालून तपासणी

जोडणी झाल्यावर पहिली तपासणी मल्टीमीटरने, गाडी न जोडता करावी. प्रत्येक पिनेपासून तिच्या दिव्यापर्यंत तार अखंड आहे का हे पाहावे. शेजारच्या दोन पिना एकमेकींना लागलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. मात्र दिव्यात बल्ब असेल तर त्याची तार मीटरला अखंड जोड दाखवते, म्हणून बल्ब काढून मोजावे.

ही तपासणी आवश्यक आहे आणि अपुरी आहे. मीटरचा किंवा एलईडीच्या छोट्या टेस्टरचा प्रवाह इतका क्षीण असतो की एका धाग्यावर टिकलेला जोडही त्यात उत्तीर्ण होतो. माझ्या त्या पांढऱ्या तारेने अशीच परीक्षा दिली असती आणि पूर्ण गुण मिळवले असते. म्हणून दुसरी तपासणी भार घालून करावी. २१ वॉटच्या बल्बला दोन तारा लावून हातदिवा करावा आणि तो गाडीच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन आणि प्रत्येक दिव्याची पिन यांच्यात धरून पाहावा. तो पूर्ण तेजाने लागला तर गाडीकडची वाट मोकळी आहे. मात्र एलईडी दिव्यांसाठीच बनवलेली मॉड्यूल काही गाड्यांत असतात. तिथे किटच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा आधी पाहावी.

फ्रिजच्या तारेची तपासणी अशी. इंजिन चालू ठेवून फ्रिज १२ व्होल्टवर लावावा, दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग गाडीच्या बॅटरीवर आणि फ्रिजच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. समजा, बॅटरीवर १४.० आणि फ्रिजवर ११.९ आले. वाटेत २.१ व्होल्ट गेले. आता एक लांब सुटी तार घेऊन मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे फ्रिजच्या पॉझिटिव्हला लावावे, इथे ०.८ दिसले. मग हीच कृती निगेटिव्ह बाजूला करावी, इथे १.३ दिसले. दोन्ही बाजूंची तार सारखीच जाड आणि लांब आहे, म्हणजे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवे होते. निगेटिव्ह बाजूचा जास्तीचा अर्धा व्होल्ट कुठल्यातरी एका जोडात अडकला आहे. मीटरचे टोक तसेच ठेवून दुसरे टोक एकेक जोड मागे आणत जावे. ज्या जोडावरून आकडा एकदम घसरतो, तो जोड उघडावा. बहुतेक वेळा तो हाताला गरमही लागतो.

दिवे तपासताना ते एकेकटे न लावता एकत्र लावावेत: टेललाइट चालू, त्यावर ब्रेक, त्यावर इंडिकेटर. अर्थिंगमधला दोष एकट्या दिव्यात लपतो आणि तिघांच्या गर्दीत उघडा पडतो. विजेचे ब्रेक असतील तर ब्रेकअवेची खुंटी ओढून चाके जाम होतात का, हेही पाहावे. त्या वेळी गाडीचा प्लग काढून ठेवावा, नाहीतर गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरला इजा होऊ शकते.

प्रवासातल्या काही गोष्टी

तेरा पिनांचा प्लग सॉकेटमध्ये घालून पाव वळसा फिरवावा लागतो. तो पूर्ण फिरला नाही तर दिवे लागतात, आणि पहिल्या खड्ड्यात प्लग निसटतो. फिरवताना जोर लागत असेल तर आत माती आहे. मऊ ब्रशने साफ करावे आणि पिनांना संपर्कासाठीच्या ग्रीसचा पातळ हात लावावा. छिद्रे ग्रीसने भरू नयेत, त्यात धूळ चिकटून उलट त्रास होतो. कॅरव्हान उभी असताना प्लग जमिनीवर लोंबत ठेवू नये. ड्रॉबारवर त्यासाठी धारक असतो, नसेल तर तोंड खाली करून बांधावा.

मुक्कामी गेल्यावर लावायची २३० व्होल्टची जोडकेबल ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. तिचे टोक, तिचा फ्यूज आणि तिची निवड यांचा वरच्या कशाशीही संबंध नाही. इतकेच लक्षात ठेवावे की युरोपीय पद्धतीच्या १६ अँपिअरच्या निळ्या प्लगला २.५ चौ. मिमीची तीन कोरची रबरी केबल लागते आणि ती रिळावर गुंडाळलेली असताना जड भार घेऊ नये. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळते.

२१ वॉटच्या बल्बचा तो हातदिवा, दोन-तीन सुटे फ्यूज, एक छोटा पेचकस आणि पिनांची हाताने काढलेली आकृती एवढे सामान मी कॅरव्हानच्या पुढच्या कप्प्यात ठेवतो. आकृतीत तिसरी पिन लाल पेनाने गोल केलेली आहे, कारण रात्री रस्त्याच्या कडेला टॉर्च तोंडात धरून प्लग उघडावा लागतो तेव्हा तिथूनच सुरुवात करायची असते.